मंगळवारची गौर, बुधवारचा झेंडा

नेपरव्हिलच्या मराठी मंडळात देवांनासुद्धा विकेंडची सवय लागली होती बरं का. गणपती शनिवारी बसायचा आणि रविवारी उठायचा, कारण सोमवारी भक्तांना ऑफिस. कोजागिरीचा चंद्र एका बाजूनं चेपलेला असला तरी कुणी काही बोलायचं नाही, मसाला दूध पूर्ण असलं म्हणजे झालं. तिळगूळ हॉल मिळेल तेव्हा. एका वर्षी तो फेब्रुवारीच्या शेवटी वाटला, आणि लाडू असे कडक झाले होते की गोड बोलायच्या आधी डेंटिस्ट गाठावा लागला.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बर्फाच्या गावात, रोज ट्रेननं शिकागोला जाऊन राबणाऱ्या माणसांनी आणखी करावं तरी काय? अहिल्यामावशीचीसुद्धा देवांच्या बाबतीत तक्रार नव्हती. "देव मोठ्या मनाचे असतात," म्हणायची. "घेतात सांभाळून."

तिचा हट्ट होता एकाच तारखेचा. पंधरा ऑगस्ट.

अहिल्यामावशी म्हणजे गुरुनाथची आई. गुरुनाथ टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर, मंडळाचा सेक्रेटरी, आणि स्वभावानं इतका भिडस्त की रेस्टॉरंटमधे चुकीची डिश समोर आली तरी आपण हीच मागवली होती असं समजून खाणार. असल्या माणसाची आई ब्रिटिश सरकारला नडली होती हे कुणाला खरं वाटायचं नाही. पण नडली होती, आणि चांगली नडली होती. ऐंशी ओलांडलेली, ठेंगणी, पाचवारी साडीवर नातीचा टोपीवाला स्वेटशर्ट आणि पायात पांढरे बूट, असा तिचा अवतार. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा गेला तेव्हा गावातल्या बायका ते पुसायला आल्या, तर म्हणाली, "फौजदाराला दबले नाही, तुम्हाला दबते होय? बसा, चहा टाकते."

कृष्णाकाठचं मोरदरी हे तिचं सासर. बेचाळीस सालच्या चळवळीत आसपासच्या गावांतल्या बायका तिच्या शब्दावर घराबाहेर पडायच्या. स्वातंत्र्यानंतर तिनं मुलींची शाळा काढली, गावातला दारूचा गुत्ता बंद पाडला, आणि निवडणुकीचं तिकीट द्यायला आलेल्या पुढाऱ्याला शाळेच्या छपरावर कौलं चढवायला लावून परत पाठवलं. पाच वर्षांपूर्वी पायरीवरून घसरून पडली आणि गुरुनाथनं तिला कायमचं अमेरिकेला आणलं. पहिल्याच हिवाळ्यात काचेतून पांढराशुभ्र, रिकामा रस्ता बघत ती सुनेला म्हणाली, "शैलजा, येरवड्याच्या तुरुंगात निदान खिडकीतून माणसं तरी दिसायची गं."

शैलजाला हसावं की रडावं कळेना. ती हसली, आणि तेव्हापासून सासूसुनेचं मेतकूट जमलं.

तर पंधरा ऑगस्ट. दर वर्षी त्या दिवशी मावशी घरामागच्या लाकडी डेकवर खादीचा झेंडा लावायची. एकटी. गुरुनाथ आणि शैलजा ऑफिसात, नात वल्लरी दुपारपर्यंत झोपलेली. दोन वर्षांपूर्वी कुंपणापलीकडच्या डोरोथीनं हात हलवून तोंडभर हसत म्हटलं, "लव्हली टॉवेल!"

टॉवेल! तो टॉवेल मावशीच्या जिव्हारी लागला. डोरोथीचा राग नाही आला तिला. तिला आठवली रत्ना, तिची मोठी जाऊ. बेचाळीस साली झेंडा लावायचं ठरलं तेव्हा अहिल्या म्हणाली होती, चल, दोघीच जाऊ आणि लावून येऊ. तेव्हा रत्ना म्हणाली होती, "दोघींनी लावला तर खोडी. साऱ्या बायकांनी लावला तर राज्य." त्या रत्नानं सत्तेचाळीस साल पाहिलं नाही. तुरुंगात ताप आला, आणि सुटून घरी आल्यावर महिन्याच्या आत गेली. जाताना अहिल्येचा हात धरून एवढंच म्हणाली, "स्वराज्याचा दिवस येईल, तो चुकवू नकोस. आणि झेंडा एकटी लावू नकोस."

दिवस मावशीनं आजवर चुकवला नव्हता. एकटी मात्र पडली होती.

आणि जुलैच्या एका संध्याकाळी मंडळाचा प्रेसिडेंट शैलेंद्र घरी आला. शैलेंद्र भारी कामाचा माणूस. स्वतःचं लग्नसुद्धा त्यानं एक्सेल शीटवर प्लॅन केलं होतं. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला, आसावरीला, विचारा. सोफ्यावर टेकल्या टेकल्या त्यानं लॅपटॉप उघडला.

"मावशी, यंदा साठ वर्षं! एकदम ग्रँड करायचं. शाळेचं ऑडिटोरियम बुक केलंय, शनिवार, अठरा ऑगस्ट. आधी झेंडावंदन, मग तुमचा सत्कार, मग मुलांचा फॅन्सी ड्रेस, मग जेवण, मग डीजे."

"अठराला काय झालं होतं रे?" मावशीनं विचारलं.

"म्हणजे?"

"मला वाटलं स्वातंत्र्य पंधराला मिळालं. मी तिथं होते, म्हणून विचारते."

गुरुनाथ एकदम कार्पेटचं डिझाइन बघायला लागला. जसं काही ते त्याला आजच दिसलं होतं.

"मावशी, पंधराला वेन्सडे येतो," शैलेंद्र म्हणाला. "सगळ्यांना ऑफिस. कोण येणार यार? जरा प्रॅक्टिकल व्हा ना."

"इंग्रजालाही मी हेच सांगितलं होतं. प्रॅक्टिकल हो, घरी जा. त्याला कळायला पाच वर्षं लागली. तुला किती लागतील?"

शैलजा स्वयंपाकघरात खोकली. खोकलीच ती, हसली नाही, असं तिनं नंतर शपथेवर सांगितलं.

"ऑफिसच्या आधी लावू," मावशी म्हणाली. "सकाळी सातला."

"सातला अर्धे लोक ट्रेनमधे असतात. दहा जण जरी आले ना मावशी, तर मी मिशी काढीन."

"तुला मिशी कुठाय?"

"वाढवून काढीन!"

"ठरलं मग. दहा माणसं बुधवारी आली, तर शनिवारी पुन्हा झेंडा लावायचा नाही. एका स्वातंत्र्याला एकच झेंडा. आणि नाही आली, तर शनिवारी माझी खुर्ची रिकामी ठेव. शाल पांघरून बसवायची बाहुली मी व्हायची नाही."

आता मावशीला सत्काराची हौस नव्हती असं नाही हं. नेसायच्या दोन साड्या तिनं आधीच काढून ठेवल्या होत्या, आणि त्यातली कुठली यावर शैलजाचा सल्ला दोनदा घेऊन दोनदा मोडला होता. म्हणजे पैज लावली ती फुकाची नाही.

शैलेंद्र गेल्यावर गुरुनाथ म्हणाला, "आई, कशाला गं? बुधवारी खरंच कुणी येणार नाही."

"तू येशील?"

"माझी ट्रेन..."

"बघ. घरातलाच एक कमी झाला."

त्यानंतर आठवडाभर मावशी गप्प होती. ती गप्प बसली की घरात सगळ्यांना धाकधूक व्हायची. आणि मग राधिकाचा फोन आला.

राधिका म्हणजे निमिषची नवी नवरी. नागपूरची, चांगली एमएस्सी झालेली. एप्रिलमधे लग्न होऊन आली, तर व्हिसा असा की नोकरी करता येत नाही. निमिष दिवसभर ऑफिसात आणि ही अपार्टमेंटमधे फ्रीजचा आवाज ऐकत बसलेली. म्हणून मावशीला ती रोज फोन करायची. एक नजरकैदेतली दुसरीला करते तसा.

"मावशी, आईचा फोन होता. पहिली मंगळागौर आहे ना, करणार का म्हणून विचारत होती. निमिष म्हणतो, सॅटर्डेला करू."

"शनिवारी? अगं, तो मारुतीचा वार! ब्रह्मचाऱ्याच्या वारी गौर पुजतेस? थांब." मावशी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरपाशी गेली. चष्मा वर केला, खाली केला. श्रावणातला पहिला मंगळवार. चौदा ऑगस्ट.

मंगळागौर म्हटलं की मंगळवारी पूजा, रात्री जागरण, खेळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीची पाठवणी. दुसऱ्या दिवशी म्हणजे बुधवारी. पंधराला. सगळ्या बायका एका घरात, सकाळी, जाग्या!

मावशीच्या तोंडावर तेव्हा जे हसू आलं, ते शेवटचं मोरदरीच्या फौजदारानं बघितलं असेल.

"राधिके, तुझी गौर आमच्याकडे. मंगळवारीच." आणि मग तिनं पोरीला सगळं खरं खरं सांगून टाकलं, रत्नाचंही.

राधिकानं विचारलं, "म्हणजे मावशी, माझी मंगळागौर हे नुसतं निमित्त?"

"माझीही निमित्तच होती गं. तरी माझी पहिली गौर ती माझीच. अजून आठवली की पायाला फुगडी सुटते."

"मग मी भाजणी मागवते आईकडून," राधिका म्हणाली. तिच्या आवाजात एप्रिलपासून पहिल्यांदा नागपूर ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं फोन हातातून ठेवला नाही. प्रत्येकीची अडचण वेगळी. कुणाची सकाळची मीटिंग, कुणाचं बाळ, कुणाचा नवरा अंडंसुद्धा उकडता न येणारा. मावशीचं उत्तर सगळ्यांना एकच, "जागरण आहे, राहायलाच या. सकाळी वडे खाऊन तिथूनच ऑफिसला जा. आणि पाठवणीनंतर झेंडा आहे, तो लावल्याशिवाय वडा नाही."

"आजी, सो इट्स लाइक अ स्लीपओव्हर?" वल्लरीनं विचारलं. वय पंधरा, जगातल्या बऱ्याच गोष्टी बोअरिंग वाटायचं वय.

"हो. पण झोपायचं नाही."

"ऑसम!"

आसावरीचं धर्मसंकट झालं. "मावशी, मी शैलेंद्रला काय सांगू? पैज त्याच्याशी आहे ना तुमची."

"खोटं बोलू नकोस. त्यानं झेंड्याचं विचारलं तर सांगून टाक. पण तो विचारायचा नाही. मेन्यू विचारेल."

आणि झालंही तसंच. मंगळागौर म्हटल्यावर शैलेंद्रनं मान हलवली आणि म्हणाला, "वाटली डाळ असेल ना? माझ्यासाठी डबा आण."

राहता राहिला गुरुनाथ. त्याला घरातल्या कुजबुजीचा वास लागलाच. "आई, मी मंडळाचा सेक्रेटरी आहे. शैलेंद्रला काय वाटेल?"

"आणि मी तुझी आई आहे. यातलं आधीचं पद कुठलं?"

गुरुनाथ निघून गेला. पण संध्याकाळी गराजमधे खुडबुड ऐकू आली. रंगाऱ्यांचा तो लांब होणारा ॲल्युमिनियमचा दांडा, ज्याची ते पाडव्याला गुढी करायचे, तो त्यानं फडक्यानं पुसून दाराशी उभा करून ठेवला होता. भिडस्त माणसाचं बंड हे असं असतं.

मंगळवारी दुपारी मावशी वल्लरीला घेऊन पत्री गोळा करायला निघाली. मंगळागौरीला सोळा प्रकारची पानं लागतात. आघाडा, दूर्वा, बेल असलं काही नेपरव्हिलमधे उगवत नाही. मग मेपल, ओक, लायलॅक, पुदिना. डोरोथीनं अंगणातल्या होस्टाची चांगली ताटाएवढी पानं कापून दिली आणि सॅलड करणार का विचारलं. वल्लरीनं तिला उभ्याउभ्या सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "अँड डोरोथी, दॅट थिंग वॉज नॉट अ टॉवेल."

डोरोथीनं तोंडावर हात ठेवला.

पानं वेचता वेचता वल्लरीनं विचारलं, "आजी, यू ॲक्चुअली डिड धिस बिफोर? मंगळागौर अँड द फ्लॅग?"

मावशी वाटच बघत होती. ही गोष्ट तिनं इतक्या वेळा सांगितली आहे की त्यातला फौजदार दर वर्षी थोडा उंच होतो. या वर्षी तो दारातून वाकून आत येत होता.

"बेचाळीस साल," मावशी म्हणाली. "तुझे आजोबा भूमिगत. मी अठराची, लग्नाला चार महिने झालेले. गावात चावडीवर इंग्रजाचा झेंडा आणि पाराशी पोलिसांचा तळ. हुकूम काय, तर पाच माणसांनी एकत्र जमायचं नाही. आणि मंगळागौरीला तर पाच जणी लागतातच. फौजदार आमच्या दारात आला. मी म्हटलं, दादा, पहिली गौर आहे, मोडू का? तो म्हणाला, देवाधर्माचं आहे, करा बायकांनो, पण गोंधळ नको."

"अँड?"

"अँड काय, रात्रभर गोंधळ! झिम्मा, फुगडी, सूप नाचवणं. घर चावडीच्या समोरच. इतक्या नाचलो की पोलिसांना डोळ्याला डोळा लावू दिला नाही. आणि माजघरात रत्ना बसली होती झेंडा शिवत. ओटीचे खण, एक केशरी, एक हिरवा. पांढरा खण मिळेना, मग तुझ्या आजोबांचं धोतर फाडलं. त्यावर निळीनं चरखा काढला."

"डिड आजोबा माइंड?"

"ते भूमिगत होते, त्यांना कुठं धोतर सापडायचं? पहाटे आम्ही ताटांत पत्री घेऊन गौर बोळवायला नदीवर निघालो. पत्रीखाली झेंडा. पोलीस रात्रभर जागे, ते नेमके तेव्हा पेंगत होते. आणि जे जागे होते त्यांची गौरीच्या ताटाला हात लावायची छाती झाली नाही. साऱ्या बायका चावडीपाशी थांबल्या, मी दोरी ओढली, त्यांचा उतरवला, आपला चढवला. मग नदीवर गेलो."

"यू डिडन्ट रन?"

"पळायचं कशाला? गौर बोळवायची होती ना. फौजदार धावत नदीवर आला. म्हटलं, दादा, दहीभाताचा नैवेद्य राहिलाय, तेवढा दाखवते, मग चल कुठं न्यायचं तिथं. आणि तो थांबला बरं का, टोपी काढून."

वल्लरी हातातलं मेपलचं पान फिरवत राहिली. "वेअर यू स्केअर्ड, आजी?"

"भ्यायले होते की. पण फुगडी घालताना भीती कुठं उभी राहणार? तीही गरगरते."

त्या संध्याकाळी गुरुनाथच्या घरापुढे दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या. फायरप्लेसपुढे गौर मांडली, राधिकानं लग्नातला शालू नेसून पूजा केली, आणि मग तळघरात जो काही धुडगूस सुरू झाला की वरच्या कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या. एरवी कॉन्फरन्स कॉलवर "लेट अस टेक धिस ऑफलाइन" म्हणणाऱ्या बायका कोंबडा होऊन उड्या मारत होत्या. वल्लरीनं पहिली फुगडी घातली आणि भेलकांडून पिठाच्या डब्यावर बसली. मावशीनं राधिकेबरोबर बसफुगडी घातली. डॉक्टरनं मना केली होती, पण डॉक्टरला त्यांनी बोलावलंच नव्हतं.

बुधवारी उजाडलं. आभाळ स्वच्छ, गवतावर दव. उत्तरपूजा करून बायका ताटं घेऊन निघाल्या, शालू, पैठण्या, आणि पायात स्नीकर्स. वसाहतीच्या तळ्यापर्यंत ओळच लागली. तळ्यात काही टाकायचं नाही अशी पाटी होती, म्हणून गौरीला नुसतं पाणी दाखवलं, दहीभाताचा नैवेद्य केला आणि पत्री परत घेतली. बदकांनी बराच निषेध नोंदवला. कुत्रं फिरवायला निघालेला एक गृहस्थ पायवाटेवरून बाजूला होऊन, टोपी काढून उभा राहिला. मावशीनं वल्लरीला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? फौजदार."

परत आल्या तर घरापुढे पुरुषांची गर्दी! निमिष सगळ्यांत आधी आला होता, बायकोच्या पूजेसाठी म्हणाला, पण नजर वड्यांवर. बाकीच्यांना घरी चहा कुणी केला नव्हता. पोरंही कडेवर घेऊन आले होते, काही पायजम्यातच. गुरुनाथ ऑफिसचे कपडे घालून दाराशी उभा.

"तुझी ट्रेन?" मावशीनं विचारलं.

"गेली," तो म्हणाला. आणि चक्क हसला.

डेकवर पॅटिओच्या छत्रीच्या स्टँडमधे दांडा रोवला. मावशीनं ट्रंकेतला खादीचा झेंडा बांधला, गुरुनाथनं दांडा लांब करून खिट्टी फिरवली. झेंडा वर गेला. सगळे सरळ उभे राहिले. राष्ट्रगीत सुरू झालं, आणि पहिलीच ओळ संपते न संपते तोच खर्रकन आवाज झाला. खिट्टी सैल! दांडा दांड्यात शिरला आणि झेंडा निम्म्यावर आला.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. निम्म्यावरचा झेंडा म्हणजे कुणी गेल्याची खूण. साठ वर्षांनी, एवढी माणसं जमवून, हे? तिला रत्नाचा तापलेला हात आठवला. ती पुढे झाली, पण तिचा हात पोचेना. गुरुनाथ खिट्टीशी झटत होता, ती फिरतच राहिली.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक उघडून शैलेंद्र आत आला. चपला, चुरगळलेला टीशर्ट. त्याचं ऑफिसचं ओळखपत्र बायकोच्या व्हॅनमधे राहिलं होतं, ते न्यायला आला होता बिचारा. त्यानं ती गर्दी बघितली, डेकवरची मावशी बघितली, निम्म्यावर आलेला झेंडा बघितला. काय वाटलं त्याचं त्याला ठाऊक. पण दोन ढांगांत तो डेकवर चढला, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोक्याच्या वर, पार टाचा उचलून, उभा राहिला. झेंडा वर गेला.

कुणीही गाणं थांबवलं नव्हतं. कुंपणापलीकडे डोरोथी छातीवर हात ठेवून उभी होती. शैलेंद्रच्या खिशातला फोन वाजायला लागला.

"वाजू दे," मावशी ओठ न हलवता म्हणाली.

"माझा स्टेटस कॉल आहे मावशी," तोही तसाच म्हणाला.

"तुझं स्टेटस सगळ्यांना दिसतंय. धर घट्ट."

राष्ट्रगीत संपलं. घोषणा झाल्या, इतक्या जोरात की बदकं तळ्यावरून उडाली. गुरुनाथनं कुठूनशी चिकटपट्टी आणून दांडा गुंडाळून टाकला, तेव्हा कुठं शैलेंद्रचे हात खाली आले. मावशीनं ते दोन्ही आपल्या हातांत घेऊन चोळले. मग वडा त्याच्या तोंडात घातला.

"तीसच्या वर माणसं झाली," आसावरी मोजून आली. "मिशी कधीपासून वाढवतोस?"

"शनिवारी झेंडा नाही," शैलेंद्र भरल्या तोंडानं म्हणाला. "स्टेजवरून सांगतो, झेंडा बुधवारीच लागला, आज फक्त जेवण. पण मावशी, सत्काराला तुम्ही याल ना?"

"येईन की. जांभळी नेसू का हिरवी, एवढंच ठरायचंय."

शैलजानं कपाळाला हात लावला.

दुसरा वडा घेताना शैलेंद्रला अचानक काहीतरी सुचलं. फोन काढून त्यानं कॅलेंडर उघडलं आणि त्याचा चेहरा खुलला. "मावशी, पुढच्या वर्षी पंधरा ऑगस्ट फ्रायडेला येतो. आता काय करणार? मंगळागौर नाही सापडायची!"

मावशीनं पदराला हात पुसले. चष्मा वर केला.

"श्रावणातला शुक्रवार म्हणजे जिवतीची पूजा, बाळा. लेकुरवाळ्यांचं हळदीकुंकू, मुलांना ओवाळायचं. म्हणजे पोरं आली, पोरांच्या आया आल्या, आणि आयांच्या मागोमाग तुम्ही आलातच. दूध-फुटाणे माझ्याकडे. तू फक्त चांगली काठी आण."